सगुणाचं पातेलं

फार पूर्वी, घरोघरी तांब्या-पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक होत असे त्या काळी, एका गावात एक कल्हईकर राहत होता. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ लेप द्यावा लागतो. त्या लेपालाच कल्हई म्हणतात. हा कल्हईकर भट्टीवर भांडं तापवी, नवसागराची चिमूट टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्यानं असा हात मारी, की भांड्याच्या तळाशी आपलं तोंड दिसावं.

त्या गावात एक रीत होती. कल्हई लावण्याआधी कल्हईकरानं कथलाची कांडी घरधनिणीच्या कानाजवळ धरून वाकवायची. शुद्ध कथील वाकताना करकरतं. त्यात शिसं भरपूर मिसळलं असेल तर ते मुकाट वाकतं. बाईनं आवाज ऐकून मान हलवली, की मगच भांडं भट्टीवर चढे. कल्हईकराच्या बापानं मरताना त्याला एकच गोष्ट बजावली होती, की शिसं भांड्याच्या आत कधी जाऊ द्यायचं नाही.

माणूस कामाला चोख होता. खोड म्हणाल तर एकच. कुणाला ‘नाही’ म्हणायचं झालं, की त्याच्या जिवावर येई. आपल्या दारातून एकही भांडं कल्हईवाचून परत गेलं नाही, हे तो दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवी. ऐकणारे कंटाळले होते, पण भांडी घेऊन यायचे त्याच्याकडेच.

एका वर्षी दरड कोसळून घाटातला रस्ता बंद झाला. कथील आणणारा व्यापारी आलाच नाही. इकडे लग्नसराई तोंडावर आलेली, दारात भांड्यांची ही रास. या वर्षी कथील नाही, एवढं सांगितलं असतं तर लोक थांबले असते. पण सांगणार कोण? कल्हईकरानं नदीकाठच्या भोयांकडून जाळ्याला बांधायची शिशाची वजनं आणली आणि उरल्यासुरल्या कथलात वितळवली. एक शुद्ध कांडी त्यानं तेवढी बाजूला ठेवली. बायकांच्या कानाशी वाकवायची ती कांडी, आणि भांड्याला लावायची दुसरी. एवढ्याशा शिशानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं.

त्याच वर्षी शेजारच्या कोष्ट्याच्या मुलीचं, सगुणाचं लग्न ठरलं. ती लहानपणापासून भट्टीचा भाता ओढायला यायची आणि त्याला काका म्हणायची. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्यानं तिला आंदण म्हणून तांब्याचं मोठं पातेलं दिलं, आणि त्यालाही त्याच कथलाची कल्हई केली. रीतीप्रमाणे तो कांडी तिच्या कानाशी न्यायला लागला, तेव्हा ती हसून म्हणाली, “तुमचं काय ऐकायचं, काका?” तिनं काही कान पुढे केला नाही. पातेलं घेऊन ती दोन दिवसांच्या वाटेवर सासरी गेली.

वर्ष सरलं. गावात माणसं कुरकुरू लागली. कुणाच्या पोटात पिळवटून कळ येई, कुणाचा चेहरा पांढरा पडला, कुणाच्या हिरड्यांवर निळसर रेघ उमटली. गावच्या वैद्यबुवांनी सगळ्यांना पारावर गोळा केलं.

“हे धातूचं विष आहे,” ते म्हणाले. “अन्नातून येतंय नाहीतर पाण्यातून. पोटदुखीचं मला तेवढं भय नाही. पाठीत दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं असतात, ती दिवसरात्र रक्तातली घाण गाळून लघवीवाटे टाकतात. हे विष गाळता गाळता ती गाळणीच झिजते. झिजताना दुखत नाही, कळत नाही, आणि एकदा गेली की पुन्हा येत नाही. कुणाला काही ठाऊक असेल तर आजच सांगा.”

कल्हईकराच्या ओठांपर्यंत शब्द आले. त्यानं आजूबाजूला पाहिलं. ज्यांना तो वर्षानुवर्षं आपली बढाई ऐकवत आला होता, तीच सगळी माणसं बसली होती. त्यानं शब्द गिळले.

तो दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. दुसऱ्याच दिवशी त्यानं गावाला सांगितलं, की मी नवस बोललोय, गावातल्या प्रत्येक भांड्याला फुकट कल्हई करणार. एव्हाना घाट मोकळा झाला होता, चांगलं कथील मिळत होतं. दोन महिने तो पाठ न टेकता बसला. जुना लेप तांबं दिसेपर्यंत खरवडायचा आणि नवा द्यायचा. हळूहळू बहुतेक माणसं सावरली. गावानं त्याला शेला-नारळ दिला. त्यानं खाली मान घालून घेतला, तर लोक म्हणाले, काय हा विनय!

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मुठीत निखारा असला तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. गावातली सगळी भांडी झाली होती. सगुणाचं पातेलं तेवढं राहिलं होतं.

जाऊ, असं त्यानं शंभरदा ठरवलं. आधी पाऊस आडवा आला, मग गुडघा. खरी अडचण वेगळीच होती. एका पातेल्यासाठी एवढ्या लांब आलात कशाला, असं ती विचारेल, तेव्हा सांगायचं काय? निरोप धाडावा तर त्यातही कारण द्यावं लागणार. असं करता करता तीन वर्षं गेली. मग एके दिवशी मागावर बसलेला कोष्टी सहज बोलून गेला, की पोरीचे पाय सुजतात, सकाळी डोळे उघडत नाहीत, अन्नावरची वासना उडालीय. कल्हईकर होता तसा उठला आणि चालू लागला.

सगुणा ओसरीवर टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, हात मात्र काटकुळे. काकांना बघून तिला एवढा आनंद झाला, की उठायची धडपड करू लागली. तिच्या नवऱ्यानं पानं मांडली. तो सांगत होता, की मला आंबट सोसत नाही, पण हिला चिंचेच्या आमटीवाचून घास उतरत नाही, आणि तीही तुमच्याच पातेल्यातली लागते. दुसऱ्या भांड्यातली चव म्हणे माहेरची वाटत नाही, आणि काकांच्या कल्हईवर दुसऱ्या कुणाचा हातही फिरू देत नाही.

कल्हईकरानं ते पातेलं उचललं आणि अंगणात पालथं केलं. मग तिच्यापुढे बसून त्यानं सगळं सांगितलं. शिशाची वजनं, दोन कांड्या, पारावरची सभा, सगळं.

सगुणानं अंगणातल्या पालथ्या पातेल्याकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, “तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“तीन वर्षं झाली, पोरी.”

“तेव्हाच सांगायचं ना, काका. चार दिवस रागावले असते तुमच्यावर, आणि पातेलं बदललं असतं. एवढंच तर होतं.”

तिच्या सासरच्या वैद्यानं नाडी बघून मान हलवली. वैद्यबुवा म्हणाले होते तसंच झालं होतं, मूत्रपिंडांची गाळणी झिजून गेली होती. कल्हईकर तिथंच राहिला, तिचे पाय चेपत, तिला नव्या भांड्यातली पेज भरवत. शेतातली जोंधळ्याची कणसं भरली, तेव्हा सगुणा गेली. ती चोवीस वर्षांची होती.

कल्हईकर गावी परतला, पारावर उभा राहिला आणि काहीही हातचं न राखता बोलला. लोक भडकले. कोष्ट्यानं तर त्याच्याकडे पाठ फिरवली ती कायमची. बाकी गावातलंही कुणी चार दिवस त्याच्या दारावरून गेलं नाही. पाचव्या दिवशी एक म्हातारी आली, भट्टीपुढे आपलं भांडं ठेवलं आणि बसून राहिली. दुपारी आणखी दोघी आल्या.

सगुणाला पोचवताना न रडलेला कल्हईकर त्या तीन भांड्यांकडे बघून ढसाढसा रडला. बायकांना वाटलं, गावानं जवळ केलं म्हणून रडतोय. तो मात्र दिवस मोजत होता: गावाचा राग चारच दिवस टिकला होता, आणि त्याच्या भयानं त्यानं तीन वर्षं घालवली होती.

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य: चूक गुपचूप निस्तरली तर आपली अब्रू वाचते, माणूस वाचवायचा असेल तर ती वेळेवर तोंडानं सांगावी लागते.