चार तासांचा थर

"तिलाच का दिसलं, बाई?"

विश्राम टिपणीसने हे त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख केळशीकरबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा वाचायला लागल्या.

प्लॅटिनमवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन भेटले की पाणी होतं, एवढं कोणीही सांगेल. ते होताना अणू न् अणू बघायचा, या नादापायी विश्रामने सहा वर्षं एका निर्वात पेटीपुढे काढली होती. आत नखाएवढी प्लॅटिनमची चकती, बाहेर हा.

आणि सलमा तांबोळी प्रयोगशाळेत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिला दिसलं. त्याच यंत्रावर, त्याच चकतीवर. बारा चित्रं, आणि प्रत्येक चित्रात पाण्याची कड ऑक्सिजनच्या अणूंमधून थोडी पुढे सरकलेली.

त्या चित्रांच्या प्रती विश्रामच्या टेबलाच्या खणात होत्या.

"चकती साफ करायला मीच शिकवलं तिला," तो म्हणाला.

"चांगलं शिकवलंस."

हे त्याला जास्तच झोंबलं. त्याला कौतुक नको होतं, सलमाची एखादी चूक हवी होती.

"तिचं नाव निघालं की घास उतरत नाही, बाई. जळतो मी."

"आणि तुझं काम?"

विश्रामने मान खाली घातली. दहा दिवस झाले, ऑक्सिजन सोडतोय, हायड्रोजन सोडतोय, पण चकती ढिम्म. पाण्याचा एक कणही नाही. आणखी महिन्याभराने यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. मग सहा वर्षं पाण्यात.

बाईंनी नोंदवही मागवून घेतली. पानावर बोट फिरवलं. चकती साफ केली, दहा वाजता. वायू सोडला, दोन वाजता.

बोट त्या दोन ओळींच्या मधे थांबलं.

पेटी कितीही निर्वात केली, तरी थोडा कार्बन मोनॉक्साइड मागे उरतोच. प्लॅटिनम मोकळं दिसलं की तो येऊन बसतो, आणि बसला की दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. म्हणून चकती साफ झाली की लगेच कामाला लागायचं, चहा नंतर. त्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच सांगतात. सलमाला ते विश्रामनेच सांगितलं होतं.

"दहा ते दोन काय करत होतास?"

विश्रामची नजर टेबलाच्या खणाकडे गेली.

"विश्राम."

"तिची चित्रं बघत होतो. काही खोट सापडते का म्हणून."

"सापडली?"

"नाही."

"रोज बघतोस?"

"…रोज."

बाई रागावल्या नाहीत. उठल्या आणि तापवायचं बटण त्यांनी स्वतः फिरवलं. जाड काचेआड चकती हळूहळू लाल झाली. तिच्यावर ठाण मांडून बसलेलं सगळं उठून गेलं. मग बाईंनी बटण मागे घेतलं आणि चकती निवून पुन्हा चंदेरी झाली. बघायला गेलं तर काहीच बदललं नव्हतं.

विश्राम काचेला नाक लावून उभा होता. चकती किती मिनिटं साफ राहते, याचं गणित त्यानेच मांडून भिंतीवर चिकटवलं होतं. तरी त्याने विचारलं.

"आता किती वेळ राहील अशी?"

बाई दारापर्यंत गेल्या होत्या.

"तू तो खण उघडेपर्यंत."