फ्रेंच बंदुकीला गावची कानस

बारा फ्रेंच बंदुका, आणि एकीचाही घोडा पडेना! उद्या खंडेनवमी, उद्याच शस्त्रांची पूजा, आणि तांबडगडचे सर्जेराव महाराज नुसते फणफणत होते.

चूक महाराजांचीच होती, पण राजाची चूक राजाला दाखवायची कुणी? पूजेला बंदुका लख्ख हव्यात म्हणून त्यांनी बाराही उघडायला लावल्या. गारगोटी धरणारे घोडे एका टोपलीत, चाप दुसरीत, कमानी तिसरीत! शिपायांनी सगळं घासून चकचकीत केलं. आता कुठला घोडा कुठल्या बंदुकीचा? एक बसवावा तर घट्ट, दुसरा बसवावा तर खुळखुळता.

महाराजांनी हैबती लोहाराला बोलावलं. "उद्या पूजेपर्यंत बाराही जोडून दे! पण कानस लावायची नाही. फ्रान्सच्या राजाच्या कारखान्यातला माल आहे, सगळ्या जुळ्या बहिणी! होय ना, मुसा?"

फ्रेंच कवायत-मास्तर मुसा रेमों याने बंदुका विकताना तसंच सांगितलं होतं. त्याने छताकडे बघत मान हलवली.

"आणि नाही जमलं तर भाता गुंडाळायचा नि गड सोडायचा!"

हैबती घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "राही, कानशीबिगर ह्ये व्हायाचं न्हाई गं. लोखंड म्हंजी काय कणीक हाय व्हय?"

त्याची मुलगी राही भाता ओढता ओढता मोठी झालेली. जीभ तर बापाच्या कानशीहून खरखरीत! "बाबा, तुमी आधी जेवा. राजाचं म्या बघते."

दुसऱ्या दिवशी बंदुकांचे बारा शिपाई शस्त्रागाराच्या दाराशी जोडे काढून आत गेले. राहीने बाहेर काय करायचं ते केलं. थोड्या वेळाने महाराज आले. शिपाई घाईघाईने जोडे घालून सलामीला धावले, आणि काय ती सलामी! एक लंगडतोय, एकाचा जोडा मागेच राहिलाय, तिसरा "आई गं!" म्हणून खालीच बसला.

"हे सैन्य आहे की वरातीतली सोंगं?" महाराज कडाडले.

राही पुढे झाली. "महाराज, म्याच जोडं बदललं. पन बिघडलं काय? येकाच मोच्यानं, येकाच मापानं, येकाच कातड्याचं शिवल्यालं. समदे जुळे भाऊ!"

"मूर्ख पोरी! सहा महिने घातलेला जोडा ज्या-त्या पायाचा होतो!"

"मंग घोडा बी कानशीनं घासून घासून ज्या-त्या बंदुकीचा झाला असंल की! इचारा मुसांना."

महाराजांनी नुसती भुवई उचलली. मुसाला घाम फुटला. "खरं आहे, महाराज. आमचे कारागीर एकेक बंदूक हातानेच घासून जुळवतात. कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसेल, असा खटाटोप आमच्याकडे एकजण करतोय खरा. पण बाकीचे कारागीर त्याच्यावरच दात खातात!"

महाराज वरमले, पण हट्ट सुटेना. "तरीही! फ्रान्सच्या राजाची बंदूक, आणि तिला या गावच्या लोहाराची कानस? बाटेल ना ती!"

राहीने पदर खोचला. "महाराज, सात समुद्र वलांडून आली तवा न्हाई बाटली, आन् माज्या बापाच्या कानशीनं बाटंल?"

मग महाराज असे हसले, असे हसले, की फेटा एका कानावर आला! शिपाईही लंगडत लंगडत हसू लागले. महाराजांनी हैबतीची कानस मागवली, चौरंगावर तलवारीशेजारी ठेवली आणि स्वतः तिला हळदकुंकू वाहिलं.

"हैबती, आता घास पोटभर! बंदुका दसऱ्याला वाजल्या तरी चालतील." मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी राहीला दिलं, आणि शस्त्रागाराची किल्लीही तिच्याच हातावर ठेवली. "आजपासून इथला कारभार तुझा. आणि पुन्हा कधी मी बंदुका उघडायला निघालो, तर आधी मला अडव!"