बारमाही घर

समुद्रात एक बेट होते. बेटावर सगळे सुखात आहेत, असे सरकारचे म्हणणे होते, आणि दुसऱ्या कोणाचे म्हणणे तिथे फारसे ऐकू येत नसे.

राजा कासव होता. तो दर पाच वर्षांनी निवडून येई. त्याच्याविरुद्ध उभे राहणारे ऐन वेळी बसत, आणि बसल्यावर त्यांची तब्येत सुधारे.

दर थंडीत उत्तरेकडून रोहित पक्षी हवापालटाला येत. उंच, गुलाबी आणि पोटाने नाजूक. त्यांना कोळंबी सोलूनच लागे. ती सोलायचे काम मथुरा नावाचे पाणमांजर करी. तिच्यासारखे बरेच जण सोलत, झाडत, ओझी वाहत आणि "पुन्हा या हं" म्हणत हसत. पूर्वी हे सगळे टेकडीवरच्या कोरड्या बिळांत राहत. मग बिळांच्या मालकीण घुशींच्या लक्षात आले की एक रोहित चार महिन्यांत जेवढे भाडे देतो, तेवढे मथुरा तीन जन्मांत देणार नाही. बिळांवर 'सागरदर्शन' अशा पाट्या लागल्या. मथुरा भरतीच्या रेषेवर राहायला आली.

गेल्या पावसाळ्यात उधाणाने तिची दोन पिल्ले नेली. सरकारने शोकसंदेश काढला. त्यात पिल्लांची नावे चुकली होती. मथुरेने ते अजून माफ केलेले नाही, आणि मीही.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले, तशी ती राजाकडे गेली.

"महाराज, मला महाल नको. पावसाळ्याच्या आत चार हात कोरडी जागा द्या."

"मथुरे, मला दीडशे वर्षांत घराची अडचण कधी आली नाही," कासव म्हणाला. "मनात आणलं तर कुणालाही आपलं घर पाठीवर घेता येतं. पण तू म्हणतेसच, तर योजना काढू."

योजनेचे नाव 'बारमाही घर'. प्रत्येक पाहुण्याने रोज एक कोळंबी निवारा पट्टी द्यायची आणि त्यातून टेकडीवर घरे बांधायची. सभेला गर्दी लोटली.

"घर कसं?"

"बारमाही!"

"राजा कसा?"

"बारमाही!"

मथुराही ओरडली. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

निधी पाणकोळ्याकडे सोपवला गेला, कारण सगळ्यांत मोठी झोळी त्याच्याच चोचीखाली होती. मथुरेने भर सभेत विचारले, "खजिनदार, किती जमलं?" पाणकोळी बोलेना. तोंड उघडले तर निधी सांडेल, ही त्याची अडचण. राजाने खुलासा केला, "खजिनदारांचं मौन हाच निधी सुरक्षित असल्याचा पुरावा आहे." टाळ्या झाल्या.

होळीच्या सुमारास झोळी सपाट दिसू लागली आणि पोट गोल.

"निधी कुठे गेला?" मथुरेने विचारले.

"जिरला," राजा म्हणाला. "विकासकामात."

आता घरे कशी व्हायची? तेव्हा रोहित पक्षी मदतीला धावले. म्हणाले, "बांधायचा खर्च आम्ही करतो. छत तेवढं आमच्या मानेला बेताचं ठेवा." सात घरे उभी राहिली. दारे पिवळी, छत उंच. उद्घाटनाला मथुरा जड पोटाने, गवताचे अंथरूण काखेत मारून आली. किल्ल्या रोहितांना मिळाल्या.

"महाराज, ही घरं बारमाही राहणाऱ्यांसाठी होती ना?"

"नीट वाच, मथुरे. बारमाही कोण? घर. घर बारा महिने इथंच उभं राहणार आहे. ते कुठं जाणार आहे का?"

व्याकरण राजाच्या बाजूने होते. मथुरेने अंथरूण पुन्हा काखेत मारले.

रोहित कुलपे लावून उत्तरेला गेले. आभाळ भरून यायच्या आत मथुरा आणि तिच्यासोबतचे सगळे खाडी ओलांडून पलीकडच्या खारफुटीत गेले. तिथेही घर नव्हते, पण तिथे योजनाही नव्हती. मथुरेला तीन पिल्ले झाली आणि तिन्ही जगली.

इकडे राजाने पाहणी करवली आणि जाहीर केले की बेटावर आता एकही बेघर नाही. हे अगदी खरे होते.

पुढच्या थंडीत रोहितांना कोळंबी सालासकट खावी लागली आणि त्यांची पोटे बिघडली. माणसे, म्हणजे पाणमांजरे, मिळत का नाहीत, याची चौकशी पाणकोळ्याकडे देण्यात आली. अहवाल त्याच्या तोंडात आहे.

मग निवडणूक आली. मथुरा तीन पिल्लांना घेऊन खाडी पोहून मतदानाला आली. केंद्रावर टिटवी बसली होती.

"मथुराबाई, तुमचं मत सकाळीच झालं की."

"कुणी दिलं?"

"तुम्हीच. बारमाही घर क्रमांक सातमध्ये राहणाऱ्या मथुराबाई तुम्हीच ना?"

पिल्लांना घेऊन मथुरा टेकडी चढली. सातव्या घराच्या पिवळ्या दाराला कुलूप होते. पायरी मात्र कोरडी होती, छान कोरडी. धाकट्याने उंबरा हुंगला.

"आई, हे आपलं घर?"

"तसं म्हणतायत."

"मग आपण इथं कधी राहतो गं?"

"मतदानाच्या दिवशी," मथुरा म्हणाली.