मैनीची एक हाक

फुलबागेच्या कडेला एक झोपडी होती. इतकी गरीब, की पाऊस आधी आत पडायचा आणि मग बाहेर! तिथे मैनी आणि तिची आई राहायच्या.

बागेपलीकडे कुत्र्यांची शाळा होती. अंध माणसांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची! तिथलं एक इवलंसं, खारकेच्या रंगाचं पिल्लू गुरुजींनी मैनीला वाढवायला दिलं. आपल्या भाकरीचा मऊ पापुद्रा ती त्याला भरवायची, ‘खारीक, खारीक’ म्हणत कुशीत निजवायची. खारीक मोठा झाला आणि शाळेत गेला. पायरीशी थांबायला शिकला, मांजर दिसलं तरी ढिम्म राहायला शिकला. आता पाठीवर पट्टा चढवून तो आनंदीमावशींना फिरवायचा. मावशींना दिसत नव्हतं. पट्ट्याची मूठ धरून त्या डौलात चालायच्या.

आणि खारीक मैनीकडे बघायचासुद्धा नाही!

"पट्टा असला की तो कामावर असतो. हाक मारायची नाही," गुरुजी बजावत. मैनीच्या पोटात भारी दुखायचं. वाढवला मी आणि मिरवतंय कोण? गुलबक्षीच्या ताटव्यात बसून ती मुसमुसू लागली.

तोच एका फुलातून बोटभर उंचीची, जांभळी, चमचमती परी उतरली.

"काय हवं गं, सोनुले?"

"माझा खारीक. फक्त माझा!"

"मग एक हाक मार. सगळं सोडून तो सरळ तुझ्याकडे धावेल, कायमचा तुझा होईल. पण मारलेली हाक परत घेता यायची नाही हं."

मैनी डोळे पुसून उठली. समोरून मावशी येतच होत्या. मध्ये माळ्याने खणलेला खोल खड्डा होता. खारीक काठाशी थांबला.

"चल, पुढे!" मावशी म्हणाल्या. तो हलेना. "अरे, चल ना!" तो आडवाच उभा राहिला. धोका असला की मालकिणीचंही ऐकायचं नाही, हेही तो शिकला होता.

हाक मैनीच्या अगदी ओठांवर आली. पण तो सरळ धावला असता, तर मूठ धरलेल्या मावशी खड्ड्यात! मैनीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग वळसा घालून तीच धावली.

"मावशी, थांबा! पुढे खड्डा आहे."

"कोण गं तू?"

"मैनी. खारीकला मी वाढवलं."

"अगं बाई, तूच का ती!" मावशी तिथेच गवतावर बसल्या आणि त्यांनी पट्टा सोडला. "जा रे, सुट्टी!"

खारीकने अशी उडी घेतली, की मैनी उताणीच पडली. हाक नाही, जादू नाही, तरी तो तिचे गाल, नाक, कान चाटत सुटला. गुलबक्षीवर लखकन सोनेरी उजेड पसरला आणि परी हसत हसत त्यात विरून गेली.

"रोज येत जा हो, त्याच्या सुट्टीच्या वेळी," मावशी म्हणाल्या. मग गाल फुगवून पुटपुटल्या, "मला मेला कधी एवढं चाटत नाही!"