धुरपदाआईने सोडवलेला शाहीर

किती पिढ्या झाल्या ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण तेव्हा आमच्या कातळखोऱ्यात धुरपदा नावाची म्हातारी राहायची. तिला गाण्यांचं भारी वेड. गाणं कानावर पडलं, की ही ओवी, ही भूपाळी, हा पाळणा, ते ती लगेच ओळखायची. असं म्हणतात की पाखरू ओरडलं तरी ती सांगायची, हे गाऱ्हाणं आहे की आळवणी.

एका पोळ्याला सटवाजी शाहिराने आपल्या बैलावर गाणं रचलं. 'माझ्या सर्ज्याच्या शिंगावर राज्य तोललंय, राजा नुसता छत्र धरून उभा.' गाव नाचलं. पण गढीवर नवा अंमलदार आला होता. त्याने ते गाणं शब्दाला शब्द धरून खरं मानलं. राजाचा अपमान केला म्हणून सटवाजीला बेड्या पडल्या. दिवस मावळायच्या आत कडेलोट, असा हुकूम सुटला.

सटवाजीची बायको रडत धुरपदेकडे आली. म्हातारी काठी टेकत गढी चढू लागली. असं म्हणतात की वाटेतले दगड सरकून तिला वाट देत होते.

गढीच्या चौकात अंमलदाराची बायको बाळाला झोपवत होती. 'वाळा वाजे रुणझुण, सिंहासन डोले राजाचं,' असं ती गात होती आणि अंमलदार शेजारी कौतुकाने ऐकत उभा होता.

"याला बेड्या कधी घालणार?" धुरपदेने पाळण्याकडे बोट दाखवून विचारलं.

अंमलदार चमकला. "काय बोलताय, आजीबाई?"

"यानं राजाचं सिंहासन हलवलंय. आत्ताच ऐकलं मी."

"अहो, पाळणा आहे तो. आई असंच गाते."

"मग सटवाजीचंही तसंच आहे. बैलावरची माया साध्या शब्दांत मावेना, म्हणून त्यानं वाढवून सांगितली. याला अतिशयोक्ती म्हणतात. त्यातली माया खरी धरायची, बाकीचं मोजायचं नसतं."

अंमलदार पाळण्यापाशी वाकला. मग हळूच म्हणाला, "बरं झालं, वेळेत आलात."

त्याने किल्ल्या मागवल्या, पण असं म्हणतात की त्या यायच्या आधीच बेड्या आपोआप गळून पडल्या. सटवाजी गढी उतरून आला, तेव्हा त्याची बायको त्याचा हात सोडेना. आणि सगळ्या गावाने टाकलेल्या सुस्काऱ्याने शिवारातली ज्वारी डोलली.

अजूनही आमच्याकडे पोळ्याला गाणारा आधी हात जोडतो आणि म्हणतो, "धुरपदाआई, वाढवून गातो."

मग सगळा गाव एका सुरात सांगतो, "गा बाबा, आम्हाला कळतंय."