चिमूटभर मीठ

रायखेडच्या महाराजांचा हुकूम होता की संस्थानाचं काम करणाऱ्याला महिन्याच्या आत पैसे द्यायला सुरुवात झालीच पाहिजे. दिवाण त्र्यंबकरावांनी त्यातून बरोबर वाट काढली. ते ज्याच्या त्याच्या हातावर एकच रुपया टेकवायचे आणि म्हणायचे, "सुरुवात झाली. बाकीचे यथावकाश!"

मागच्या दसऱ्याची जेवणावळ सांभाळणाऱ्या ठकूबाई आचारिणीलाही तसाच एक रुपया मिळाला होता. त्यानंतर दमडी नाही.

यंदाही काम तिच्याकडेच आलं. पंगत बसली. जिलब्यांचा वास मंडपभर दरवळत होता. रिवाजाप्रमाणे ठकूबाईनं प्रत्येक पानात आधी चिमूटभर मीठ वाढलं आणि ती पदर खोचून स्वस्थ उभी राहिली.

बराच वेळ झाला तरी पुढचं काही येईना. पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. महाराजांनी भुवया उंचावून दिवाणांकडे पाहिलं.

दिवाण कडाडले, "ठकूबाई, पाहुण्यांना उपाशी ठेवतेस? काही लाजबीज?"

"उपाशी कसे, दिवाणसाहेब? वाढायला सुरुवात झालीय की! बाकीचं यथावकाश. गेल्या दसऱ्याच्या माझ्या पैशांचीही अशीच सुरुवात झालीय, एका रुपयानं. इथं सगळ्यांचीच तशी होते."

"एक रुपया? वर्षभरात?" महाराजांना कानांवर विश्वास बसेना.

त्यांनी खजिना तिथल्या तिथं उघडायला लावला. पैसे हाती येताच ठकूबाईनं वाढप सुरू केलं. ती भात घेऊन दिवाणांच्या पानाशी वाकली, तोच महाराज म्हणाले,

"थांब. त्यांची सुरुवात झालीय. बाकीचं, सगळ्यांचे पैसे चुकते झाल्यावर!"