अमृताची चव

राजा चंडसेनाचं जेवण आधी गोदूबाई चाखायची. तिने चाखलेलं निर्धोक ठरेपर्यंत राजाने तोंडात घासही घालायचा नाही, असा दरबारचा नियम होता. गोदूबाई आता फार थकली होती. तिला लेकीकडे जाऊन नुसतं पडून राहायचं होतं, पण कितीदा विचारलं तरी राजा सोडत नव्हता.

एका दुपारी कुणा योग्याने अमृताची कुपी आणली. राजा खूश झाला.

"चाख गं गोदूबाई! आता कायमची माझ्याच चाकरीत!"

गोदूबाईने कुपी हातात घेतली.

"चाखते, महाराज. पण विष तासाभरात कळतं. हे खरं अमृत आहे का, ते मी कधीच मेले नाही तरच कळणार. तोवर आपण उपाशी राहाल ना?"

राजाने समोरच्या वाफाळत्या पुरणपोळीकडे पाहिलं.

"कुपी परत द्या," तो ओरडला, "आणि ही मला उपाशी मारायच्या आत हिला आजच लेकीकडे पोचवा!"